नावांची पेठ

पुण्याचा पत्ता सांगणे ही एक विद्याच आहे. 'सदाशिव पेठ' एवढ्यावर कोणाचे भागत नाही. चिमण्या गणपतीवरून सरळ या, उजव्या हाताला वळा, आणि तिथे कोणालाही विचारा, असे सांगावे लागते. पाहुणा बिचारा 'कोणालाही' विचारतो, आणि तो कोणीतरी नेमका कालच राहायला आलेला निघतो! टपालखात्याचे मात्र तसे नाही. तिथली माणसे पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचतात. आधी गाव, मग पेठ, मग घर, आणि सर्वांत शेवटी आपले नाव. नाव कितीही मोठे असो, गाव चुकले की पत्र चुकले.

इंटरनेटवरच्या पत्त्याचेही तसेच आहे, वाचकहो. तो लिहायचा डावीकडून उजवीकडे, पण यंत्र त्याचा अर्थ लावते उजवीकडून डावीकडे. शेवटच्या टिंबापुढे जे असेल ती पेठ, त्याच्या अलीकडे आळी, त्याच्या अलीकडे घर. आपल्या देशाची अशी एक पेठ आहे आणि तिचे नाव 'डॉट इन'. तिथे विद्यापीठांची आळी 'एसी डॉट इन', सरकारची आळी 'गव्ह डॉट इन', लष्कराची आळी 'मिल डॉट इन'. आता पेठ म्हटली की ती कोणीतरी वसवलेली असणार. रास्ता पेठ, म्हणजे पूर्वीची शिवपुरी, रास्त्यांनी वसवली. पूर्वीच्या हनुमान पेठेला नाना फडणिसांचे नाव लागले. मग ही 'डॉट इन' पेठ वसवली कोणी? तिथे कोणी कोणती पाटी लावायची हे कोण ठरवते? घरात दिवसातून पन्नास वेळा आपण या पेठेत जाऊन येतो, तेव्हा दिवाळीच्या निवांतपणात तिची हकिकत ऐकायला हरकत नाही.

त्याचे असे झाले. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत, अमेरिकेत, साऱ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कचेरीला कळवायचे. त्या नाव यादीत घालत आणि बाकीचे सगळे ती यादी उतरवून घेत. वाड्याच्या दारावर सगळ्या बिऱ्हाडांची नावे एकाच फळीवर लिहिलेली असतात ना, तसेच. पण बिऱ्हाडे वाढली आणि फळी पुरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संगणकशास्त्रज्ञाने युक्ती काढली की, एक यादी नकोच. प्रत्येक पेठेने आपली यादी आपण ठेवावी, आणि वरच्या कचेरीने फक्त 'अमुक पेठेचे दप्तर अमुक ठिकाणी आहे' एवढेच सांगावे. आजही आपण एखादे नाव टाकले की आपला फोन डोळ्याचे पाते लवण्याच्या आत अशीच विचारपूस करीत जातो. आधी मूळ कचेरीला, मग पेठेच्या दप्तराला, मग घराला.

मग प्रश्न आला की प्रत्येक देशाला पेठ द्यायची तर देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवायचे कोणी? हे काम जॉन पोस्टेल नावाच्या गृहस्थाकडे होते. लांब दाढी, पायात सँडल, आणि हातात साऱ्या जगाच्या पत्त्यांची किल्ली! त्याने शहाणपण केले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या दोन-दोन अक्षरी खुणांची यादी आधीच तयार होती. ती त्याने उचलली आणि देश ठरवण्याच्या वादातून अंग काढून घेतले. त्या यादीत भारताची खूण होती 'आय' आणि 'एन'. पुढे मार्च १९९४ मध्ये त्याने जे टिपण लिहिले त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे देशाच्या पेठेचे दप्तर दिले तो तिचा मालक नव्हे, विश्वस्त आहे; हक्काची आणि मालकीची भाषा इथे गैरलागू, जबाबदारीची आणि सेवेची भाषा बोलावी, असा त्या टिपणाचा रोख आहे. पोस्टेल ऑक्टोबर १९९८ मध्ये वारला. त्याच सुमारास हे काम चालवण्यासाठी 'आयकॅन' ही संस्था उभी राहिली. पण विश्वस्ताची ती कल्पना त्याची, आणि सारी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

आता भारतात येऊ. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन, 'अर्नेट' नावाचे जाळे विणायला घेतले. त्यात पाच आय. आय. टी. होत्या, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती आणि मुंबईत जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था होती. या केंद्राचे संचालक होते डॉ. एस. रामाणी. देशाचे इंटरनेटचे दार प्रथम उघडले ते या जुहूच्या कचेरीतून. १९८९ साली तिथून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत जी जोडणी झाली तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. हा वेग किती? आज तुमचा नातू फराळाच्या ताटाचा जो फोटो पाठवतो, तो दोन मेगाबाइटचा धरला, तर त्या जोडणीवरून यायला जवळजवळ अर्धा तास लागला असता; आणि तेवढ्या वेळात साऱ्या संशोधकांची पत्रे खोळंबली असती!

त्याच वर्षी, ८ मे १९८९ रोजी, 'डॉट इन' ही पेठ जागतिक दप्तरात नोंदली गेली आणि तिचे काम मुंबईच्या याच केंद्राकडे आले. इंटरनेट सर्वसामान्य माणसाला मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या सहा वर्षे आधी पेठेची आखणी झालेली होती. पेठेत पहिली घरे आली ती संशोधन संस्थांची. आमच्या पुण्यात गणेशखिंडीच्या बाजूला डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली 'आयुका' आहे. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या ई-पत्त्याच्या शेवटी कितीतरी वर्षे 'अर्नेट डॉट इन' असे. ताऱ्यांचे पत्ते ठाऊक असलेली ही माणसे जमिनीवरच्या त्या नव्या पेठेतही आधीच राहायला गेलेली होती.

या पहिल्या व्यवस्थेची शिस्त कडक. व्यापाऱ्याला थेट पेठेच्या हमरस्त्यावर पाटी लावता येत नसे. 'को डॉट इन' या आळीत जावे लागे, आणि तेही आपण कोण याचे कागद दाखवून. परिणाम काय झाला? १९९२ पासून २००४ पर्यंत, बारा वर्षांत, साऱ्या देशातून जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. सात हजार! एवढी माणसे तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी एका तासात असतात. दुकानदार मंडळी कंटाळली आणि सरळ 'डॉट कॉम'कडे गेली, कारण तिथे पैसे टाकले की पाच मिनिटांत पाटी मिळे. देश आपला, दुकान आपले, माल आपला, आणि पाटी परक्या पेठेत!

परक्या पेठेत भांडणेही सुरू झाली. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते 'रॅडिफ' असे नाव दुसऱ्या कोणी घेतले. इंग्रजीत पाहिले तर फरक एका अक्षराचा. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले की, असे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे. व्यापारचिन्हाला जे संरक्षण तेच त्यालाही. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व उचलून धरले. नाव म्हणजे दारावरची पाटी नाही, त्या पाटीवर विश्वासून आत येणारे गिऱ्हाईक आहे, हे न्यायालयांनी ओळखले.

सरकारनेही मग धोरण बदलले. २००३ साली 'निक्सी' ही ना-नफा संस्था स्थापन झाली होती, तिच्याकडे 'डॉट इन'चे दप्तर सोपवले गेले. जुहूचे ते केंद्र तोवर आमच्या पुण्यातल्या 'सी-डॅक'मध्ये विलीन झालेले होते. 'परम' महासंगणक केला तीच ही सी-डॅक. १ जानेवारी २००५ पासून नवे नियम लागू झाले. आधी व्यापारचिन्हे असणाऱ्यांना, मग सर्वांना दार खुले. नाव विकायचे काम अनेक नोंदणी-दलालांना दिले, आणि भांडणासाठी लवादाची सोय केली. नोंदवहीची यंत्रे चालवण्याचे काम मात्र ठेक्याने दिले गेले. प्रथम आयर्लंडच्या 'ॲफिलियस' कंपनीला, आणि पुढे इतरांना. ठेकेदार बदलले, वहीवरचा हक्क बदलला नाही. आणि गंमत पहा: बारा वर्षांत सात हजार झालेली नावे मार्च २०१० पर्यंत सहा लाखांच्या वर गेली, आज ती चाळीस लाखांच्या घरात आहेत.

दोन अक्षरांचे मोल काय असते ते बाहेर जाऊन पहावे. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाच्या वाट्याला 'टीव्ही' ही अक्षरे आली आणि दूरचित्रवाणीवाल्यांनी त्यासाठी पैसे मोजले. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाच्या वाट्याला 'एआय' आली. कृत्रिम बुद्धिमत्तेचे वारे सुटल्यावर २०२३ साली त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. आपल्या 'इन'चे तसे नाही. त्याचे मोल विकण्यात नाही, विश्वासात आहे.

आणि इथेच खरी मेख आहे. दार उघडले की सज्जन येतो तसा दुर्जनही येतो. आमच्या इमारतीतील एका निवृत्त मास्तरांना फोनवर निरोप आला: 'तुमचे खाते बंद होत आहे, ताबडतोब येथे टिचकी मारा.' पत्त्यात बँकेचे नाव ठळक होते. मास्तरांची नात शेजारी बसली होती म्हणून बरे! तिने विचारले, "आजोबा, शेवटी काय लिहिलंय ते आधी बघा." शेवटी भलतेच काहीतरी होते. पाकिटावर 'लक्ष्मी रस्ता' असे मोठ्या अक्षरात लिहिले म्हणून पत्र लक्ष्मी रस्त्यावर येत नाही. तळाशी गाव कोणते आहे ते पाहावे लागते.

अशा लबाडीवर तोड म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. बँकांसाठी 'बँक डॉट इन' अशी स्वतंत्र आळी. तिथे जागा देण्याचे काम फक्त एका संस्थेकडे, हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे. आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे राहायला जावे, असे फर्मान. जरा विचार करा, ही जुहूची जुनी कडक शिस्तच नव्हे काय? सगळ्या पेठेला कुंपण घातले तेव्हा पेठ ओस पडली. कुंपण काढले तेव्हा पेठ भरली, पण उचल्यांचीही सोय झाली. आता जिथे लोकांची पुंजी आहे तेवढ्या आळीला फाटक लावले. छत्तीस वर्षांच्या अनुभवाने आलेले हे शहाणपण आहे. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे शिकवून ठेवा: बँकेचा पत्ता वाचताना सुरुवातीला दुहेरी तिरपी रेघ असेल तर ती सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची, आणि तिच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' आहे की नाही ते पाहायचे. रेघ नसेल तर पत्त्याचा शेवट पाहायचा. पुढे-मागे काय लिहिले आहे त्याला भुलायचे नाही.

आता आपल्या भाषेची गोष्ट. शेजारच्या वहिनी घरगुती फराळ करून विकतात. त्यांच्या अनारशांना परगावाहून मागणी असते. परवा त्या म्हणाल्या,

"भावजी, आमच्या फराळाला त्या इंटरनेटवर नाव घ्यायचंय. पण इंग्रजीत 'अनारसे' लिहिलं की लोक काहीही वाचतात हो!"

"मग मराठीतच घ्या की, वहिनी. 'डॉट भारत' मिळतं."

"मराठीत? आणि ते चालतं?"

चालते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतला 'डॉट भारत' सुरू झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी धरून आठ भाषांसाठी. आणि पुढे देशातल्या इतर लिप्यांतही. संगणकाच्या मूळ यंत्रणेला अजून इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच कळते. म्हणून आपले 'भारत' आतल्या आत एका विचित्र इंग्रजी सांकेतिक नावात बदलले जाते आणि पुन्हा देवनागरीत दाखवले जाते. पण खरी मेहनत याच्या आधीची. प्रत्येक भाषेत कोणती अक्षरे चालावी, कोणती एकमेकांसारखी दिसतात, कशी जोडली तर नाव खोटे ठरेल, याची कोष्टके लागतात. आणि ती करण्यात पुण्याच्या सी-डॅकमधील भाषा विभागाच्या मंडळींचा मोठा वाटा आहे. तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहून पहा. एकात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगरामधली खोल जागा. हिंदीवाल्याला तो अर्धा 'र' लागत नाही, आपल्याला लागतो. तो मराठीसाठी कोष्टकात घ्यावा लागला. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची बारीक अक्षरात होणारी गल्लत वेगळीच. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला ज्यासाठी छडी खाल्ली, तेच आता देशाच्या दप्तरात कामाला आले!

वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि व्यवहारी प्रश्न टाकला:

"पण भावजी, गिऱ्हाईकाच्या फोनवर मराठी लिहिता येत नसलं तर?"

प्रश्न बिनतोड आहे. 'डॉट भारत'ची नावे अजून थोडी दिसतात त्याचे कारण हेच. कितीतरी ठिकाणी अर्ज भरताना मराठी ई-पत्ता लिहिला तर यंत्र 'चुकीचा पत्ता' म्हणून तो परत करते. मी वहिनींना सांगितले, दोन्ही घ्या. इंग्रजी पाटी परगावच्यांसाठी आणि मराठी पाटी घरच्यांसाठी. पुण्यात एकाच दारावर चार पाट्या असल्या तरी कोणाला नवल वाटत नाही.

मात्र त्यांना आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. हे नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत; मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही काळ वाट पाहून ते दुसऱ्याला देता येते. माझ्या माहितीतील एका वाचनालयाचे नाव असेच गेले. एका उत्साही तरुणाने ते स्वतःच्या ई-पत्त्यावर नोंदवून दिले होते. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला, सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिल्या, मुदत सरली. एके दिवशी सभासदांनी वाचनालयाचे पान उघडले तर आत जुगाराच्या जाहिराती! पुस्तके कपाटात सुरक्षित, पाटी मात्र दुसऱ्याच्या दारावर. तेव्हा संस्था असो, मंडळ असो की घरचा धंदा असो, नाव संस्थेच्या पत्त्यावर नोंदवा, दोन माणसांना त्याची माहिती असू द्या, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

पोस्टेलचे विश्वस्ताचे तत्त्व असे वरपासून खालपर्यंत लागू आहे. देशाचे दप्तर निक्सीकडे विश्वासाने दिलेले आहे, बँकांची आळी हैदराबादकडे, आणि आपले छोटेसे नाव आपल्याकडे. जो ज्याला सांभाळायला मिळाले ते त्याने नीट सांभाळले, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता सापडतो आणि फसगत होत नाही. पेठ वसवणाऱ्याचे नाव इतिहासात राहते खरे. पण पेठ नांदती राहते ती रोज संध्याकाळी आपापल्या दारात पणती लावणाऱ्यांमुळे.